एक डोंगर, एक नदी आणि एक बंद दरवाजा: नाशिकच्या तीर्थाचा इतिहास

नाशिकवर बोलायचं म्हटलं की आपण थेट रामकुंडावर जातो. आज आधी शहराबाहेर, मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या डोंगरावर जाऊ. या लेण्यांना आपण पांडवलेणी म्हणतो, पण पांडवांचा इथं काही संबंध नाही. कातळात कोरलेलं काही दिसलं की ते पांडवांच्या नावावर टाकायचं, ही आपली महाराष्ट्रभरची जुनी सवय! शिलालेखांत डोंगराचं प्राकृत नाव 'तिरण्हु' आहे, म्हणजे त्रिरश्मी. लेणी २४, आणि ती बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेली.

दहाव्या लेण्याच्या व्हरांड्यात थांबा. वर मान करून पाहिलं की भिंतीवर उषवदाताचा लेख दिसतो. हा उषवदात शक, म्हणजे बाहेरून आलेल्या लोकांपैकी. नहपान क्षत्रपाचा जावई. काळ सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. लेखात तो आधी काय सांगतो? तीन लाख गाई दान दिल्या, देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावं दिली, वर्षभर लाख ब्राह्मणांना जेवू घातलं, प्रभासला आठ ब्राह्मणांची लग्नं लावून दिली, नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. आणि मग म्हणतो, गोवर्धनातल्या त्रिरश्मी डोंगरावर हे लेणं मी करवलं. हे गोवर्धन गाव आजही नाशिकजवळ आहे.

आकडे फुगवलेले असतील. दानाच्या लेखात ते फुगतातच. पण पुढचा हिशोब बघा, तो मात्र चोख आहे. भिक्षूंच्या जेवणासाठी त्यानं एक शेत दिलं. ते घेतलं कुणाकडून? अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून, ४००० कार्षापण मोजून! शिवाय ३००० कार्षापणांची कायम ठेव. त्यातले २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजानं. वर्षाचे झाले २४०. लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२. वजाबाकी करून पाहा, शून्य उरतं. उरलेले १००० दुसऱ्या श्रेणीकडे, पाऊण टक्क्यानं, भिक्षूंच्या किरकोळ खर्चासाठी. मुद्दलाला हात लावायचा नाही, हेही लिहून ठेवलंय.

म्हणजे शक दाता, ब्राह्मणाचं शेत, विणकरांचं व्याज आणि बौद्ध भिक्षूंचं जेवण. याला आपण लगेच 'सर्वधर्मसमभाव' म्हणून टाकतो. मला ते घाईचं वाटतं. नव्या मुलुखात पाय रोवायचे असतील, तर ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्या सगळ्यांना दान द्यावं लागतं. नहपानाला हरवणाऱ्या सातवाहनांनीही तेच केलं. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री आपल्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, 'एकब्राह्मण' म्हणून गौरवते. आणि हा लेख कशाचा? भद्रायणीय भिक्षूंना लेणं दिल्याचा!

आता खाली उतरून गावात या. मोगल अमलात या शहराचं नाव गुलशनाबाद होतं. पंचवटीतून नदी ओलांडून जुन्या नाशकात गेलात की सुफी संत सादिक शाह हुसैनी यांची बडी दर्गा लागते. पलीकडे रामकुंडात अस्थी विसर्जन चाललेलं असतं, अलीकडे दर्ग्यात चादर चढत असते. मध्ये फक्त गोदावरी आणि भाजीबाजाराची गर्दी. दर्ग्यात मुसलमान येतात तसे हिंदूही येतात. गाव त्याची फारशी चर्चा करत नाही.

पण या गावाची दुसरी बाजू सांगितली नाही तर हे व्याख्यान खोटं ठरेल. पंचवटीतलं काळाराम मंदिर पेशवाईतलं, सरदार ओढेकरांनी बांधलेलं. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष या देवळाकडे निघाले. दरवाजे बंद केले गेले. सत्याग्रही दारांसमोर बसले. एप्रिलमध्ये रथयात्रेच्या दिवशी मारामारी झाली, दगडफेक झाली. दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं झुंजत राहिले. दार काही उघडलं नाही.

ज्या डोंगरावर एका परकीय सरदारानं ब्राह्मण आणि भिक्षू दोघांनाही एकाच लेखात बसवलं होतं, त्याच्या पायथ्याच्या गावात रामाला मानणाऱ्यांनाच राम दिसू दिला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यातल्या येवल्यात, बाबासाहेबांनी सांगितलं की मी हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर एकवीस वर्षांनी नागपूर.

आणि म्हणून त्रिरश्मीला पुन्हा यात्रेकरू आले. शेकडो वर्षं ज्या लेण्यांत कुणी बुद्धवंदना म्हटली नव्हती, तिथं आज बुद्धपौर्णिमेला पांढऱ्या कपड्यांतली कुटुंबं पायऱ्या चढतात. त्यांतल्या कितीतरी घरांत आजी-आजोबांच्या सत्याग्रहाच्या आठवणी सांगितल्या जातात. 'पांडवलेणी' म्हटलं तर ते लगेच दुरुस्त करतात, 'त्रिरश्मी म्हणा.' शिलालेख त्यांच्याच बाजूनं आहे.