कसाऱ्याचा बँकर आणि घाटाचा राजा

आजच्या एपिसोडचं हे लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, गोष्ट तीच आहे. विषय आहे सायकल शर्यतीतला डोंगर.

सुरुवात आपल्या कसाऱ्यापासून करू. मुंबईहून नाशिकला ट्रेनने येताना गाडी कसाऱ्याला थांबते आणि मागून हलकासा धक्का बसतो. घाट चढण्यासाठी मागे जादा इंजिनं जोडलेली असतात. रेल्वेच्या भाषेत त्यांना 'बँकर' म्हणतात. थळ घाटात रेल्वेचा चढ आहे 37 मीटरला 1 मीटर, म्हणजे शंभर मीटरला तीन मीटरसुद्धा नाही. एवढ्यासाठी एवढी ताकद लागते!

आता फ्रान्समध्ये जाऊ. तिथे 1903 साली 'लोटो' नावाच्या क्रीडा दैनिकाने खप वाढवण्यासाठी एक शर्यत सुरू केली, तीच टूर द फ्रान्स. ही टप्प्यांची शर्यत. रोज एक टप्पा, रोजच्या वेळेची बेरीज, आणि शेवटी ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो विजेता.

सपाट रस्त्यावर या बेरजेत फारसा फरक पडत नाही. का? वाऱ्यामुळे. घोळक्यात दुसऱ्याच्या मागे सायकल चालवली की वारा पुढचा माणूस झेलतो आणि मागच्याची बरीच ताकद वाचते. म्हणजे पुढचा सायकलस्वार हाच मागच्याचा बँकर. पण चढावर वेग कमी होतो, वाऱ्याचा अडथळा घटतो आणि मुख्य लढाई स्वतःच्या वजनाशी सुरू होते. तिथे कुणाच्या मागे लपून फार काही मिळत नाही. सपाटीवर सेकंदांचा असलेला फरक डोंगरात मिनिटांचा होतो, तो यामुळे.

आयोजकांना हे हळूहळू समजत गेलं. 1910 मध्ये पिरेनीज पर्वत शर्यतीत आणायचं ठरलं. 'लोटो'चे आल्फोंस स्टेनेस तुर्माले खिंडीची पाहणी करायला गेले. बर्फात त्यांची गाडी अडकली, पुढचा रस्ता त्यांनी रात्री पायी तुडवला आणि मरता मरता वाचले. आणि तार काय केली? रस्ता उत्तम आहे!

तुर्माले म्हणजे 2,115 मीटर उंची. आपलं कळसुबाई 1,646 मीटर. चढ शंभराला सात मीटरच्या आसपास, म्हणजे थळ घाटातल्या रेल्वेच्या अडीचपट, आणि तो पंधरा-सोळा किलोमीटर सुटतच नाही. रस्ता कच्चा, सायकली जड, गिअर बदलायची आजच्यासारखी सोय नाही. ती सोय वापरायची परवानगी टूरमध्ये मिळाली थेट 1937 ला.

21 जुलै 1910. टप्पा 326 किलोमीटरचा, चार मोठ्या खिंडी, सुरुवात पहाटेच्या अंधारात. ऑक्ताव्ह लापीझ तुर्मालेवर पहिला पोहोचला, काही ठिकाणी सायकल हातात धरून चालत. त्या दिवशी आयोजकांच्या माणसांना पाहून तो ओरडला, "खुनी आहात तुम्ही!" आणि तरीही तो टप्पा त्यानेच जिंकला, त्या वर्षीची टूरसुद्धा.

गंमत बघा, खुनी म्हणवून घेतलेल्या आयोजकांनी डोंगर काढला नाही. उलट 1933 मध्ये डोंगराचा वेगळा किताब सुरू केला. पहिला मानकरी स्पेनचा व्हिसेंते त्रुएबा. 1975 पासून या किताबाला लाल ठिपक्यांची पांढरी जर्सी मिळाली. अख्खी शर्यत हरलेला माणूसही डोंगराचा राजा होऊ शकतो, ही कल्पना लोकांना आवडली.

आणि ती आपल्याकडेही आली. मुंबई-पुणे सायकल शर्यत ऐकली असेलच. त्यात बोरघाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला वेगळा मान असतो. नाव किती साधं, किती आपलं: 'घाटाचा राजा'.

मग नाशिक? चारी बाजूंना घाट असलेलं शहर. पण नाशिकच्या सायकलवाल्यांनी नाव कमावलं ते वेगळ्या प्रकारच्या शर्यतीत. रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका, म्हणजे 'राम'. पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे 4,800 किलोमीटर. इथे टप्पे नाहीत. घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही, झोपलात तरी. वाटेत कोलोरॅडोत वुल्फ क्रीक खिंड लागते. उंची 3,309 मीटर, कळसुबाईच्या दुप्पट.

2015 मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात ही शर्यत पूर्ण केली. एक भाऊ सायकलवर, दुसरा गाडीत विश्रांती घेतोय, मग अदलाबदल. 'राम' पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ. 2017 मध्ये नाशिकचेच लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांनी ती एकट्याने पूर्ण केली: 11 दिवस, 18 तास, 45 मिनिटं. आदल्या वर्षी त्यांना ती अर्ध्यावर सोडावी लागली होती. एकट्याने पूर्ण करणारे ते पहिले भारतीय, आणि त्यांच्यानंतर काही तासांतच नागपूरचे डॉ. अमित समर्थ पोहोचले.

हे यश मोठंच आहे. पण एक फरक लक्षात घ्या. 'राम'मध्ये बहुतेकांची लढाई घड्याळाशी असते. टप्प्यांच्या शर्यतीत ती शेजारच्या माणसाशी असते. त्यासाठी पोरांना कोवळ्या वयापासून एकमेकांविरुद्ध चढावं लागतं, आणि त्यासाठी काही तास तरी रस्ता वाहतुकीला बंद हवा. कसारा घाटात ट्रकच्या रांगेतून जीव मुठीत धरून चढणारा मुलगा दमदार होईल, पण शर्यत शिकणार कुठे? जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय दर्जाची पुणे ग्रँड टूर झाली, 437 किलोमीटर, टप्प्याटप्प्यांची. म्हणजे सह्याद्रीत हे करता येतं. आपल्याकडे घाट आहेत, दमाची माणसं आहेत. कमी आहे ती रस्ता बंद करून पोरांना भिडू देणाऱ्या शर्यतींची.

तोवर जुलैत संध्याकाळी मोबाईलवर टूरचा डोंगराळ टप्पा लावा. 1910 मध्ये लोक निकालासाठी दुसऱ्या दिवशीच्या पेपरची वाट बघायचे, तुम्हाला सेकंदासेकंदाचं अंतर स्क्रीनवर दिसेल. पण एक करा: सगळ्यात पुढच्याकडेच बघत बसू नका. घोळक्याच्या शेपटाकडे बघा. एकेक जण पुढच्याचं चाक सोडायला लागतो. मग संघातला सहकारी मागे येतो, त्याच्या पुढे लागतो आणि आपल्या गतीने त्याला वर नेतो.

कसाऱ्याचा बँकर मागून ढकलतो. हा पुढून ओढतो, एवढंच.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तुमच्या गावाजवळचा सगळ्यात अवघड घाट कोणता, ते कळवा!