अर्धा इब्न खल्दून आणि दख्खनची रयत

१ ऑक्टोबर १९८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी पत्रकार परिषदेत एका मुस्लिम इतिहासकाराचे नाव घेतले. त्याच वर्षी त्यांनी मोठी करकपात मंजूर करून घेतली होती. तिच्या समर्थनासाठी त्यांनी इब्न खल्दूनचा दाखला दिला. राजवटीच्या आरंभी कर हलके असतात आणि तरीही वसूल भरपूर येतो. अखेरीस कर जड होतात आणि वसूल मात्र घटतो, हे त्याचे निरीक्षण. आपल्या परंपरेतील एक नाव अमेरिकेच्या अध्यक्षाच्या तोंडी आले याचा आनंद अनेकांना झाला, तसा तो आम्हालाही झाला. पण आनंद ओसरल्यावर प्रश्न उरतो. कर कमी केला की भरभराट होते, एवढेच इब्न खल्दून सांगतो काय? आणि ते खरे आहे काय?

इब्न खल्दून १३३२ मध्ये ट्युनिसला जन्मला. मगरिब आणि अंदलुसच्या दरबारांत त्याने कारभार पाहिला, कैद भोगली, राजवटी उठताना आणि बसताना पाहिल्या. १३७७ मध्ये त्याने ‘मुकद्दिमा’ लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: माणूस मेहनत करतो ती मोबदल्याच्या आशेने. दरबाराचा चैनीचा खर्च वाढतो, त्यासाठी कर वाढतात, आशा मरते आणि माणूस हात आखडता घेतो. शेत पडीक, बाजार ओस आणि मग तिजोरीही रिकामी.

हे पडताळून पाहण्यासाठी आपल्याला ट्युनिसला जायला नको. दख्खनच्या मातीत त्याचा पुरावा आहे.

निजामशाहीचा कारभार १६०० नंतर हाती घेणारा मलिक अंबर हा हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. एकीकडे मोगलांशी झुंज चालू असताना त्याने महसुलाची घडी बसवली. ग्रँट डफने नोंदवल्याप्रमाणे त्याने इजाऱ्याची पद्धत बंद केली. इजारा म्हणजे वसुलीचा लिलाव; जास्त बोली लावणाऱ्याने बोली भरायची आणि मग रयतेला पिळून दामदुप्पट काढायचे. अंबरने जमिनीचा कस पाहिला, प्रत्यक्ष पीक पाहिले आणि त्यावर सारा ठरवला. पुढे धान्याऐवजी रोख रक्कम घेतली. परंपरा सांगते की धान्यात दोन पंचमांश आणि रोखीत सुमारे एक तृतीयांश हिस्सा घेतला जाई. हा दर काही फार हलका नव्हता. पण तो पिकाशी बांधलेला होता, आणि मधला इजारदार गेला होता. खडकी शहर वसवताना त्याने भूमिगत नहरीने पाणीही आणले. रयतेकडून घेतले त्यातले काही पाण्याच्या रूपाने रयतेकडे परत गेले. १६२६ मध्ये अंबर वारला, पण त्याच्या जमाबंदीची आठवण दख्खनमध्ये पुढे दोनशे वर्षे टिकली.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात इजारा पुन्हा बोकाळला. १८१८ मध्ये कंपनी सरकार आले. त्याचा एक अधिकारी, रॉबर्ट कीथ प्रिंगल, विलायतेत नवे अर्थशास्त्र शिकून आला होता. १८२७-२८ पासून त्याने पुणे भागात मोजणी सुरू केली. शेतीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या उत्पन्नापैकी शेकडा ५५ सरकारचे, असा त्याचा हिशेब. कागदावर तो नीटस होता. पण मोजणी खोटी निघाली, खालच्या कारकुनांनी हात मारले, त्यात धान्याचे भाव पडले. वसुलीसाठी रयतेला छळले गेले. लोक गाव सोडून शेजारच्या संस्थानांत पळाले. काही भागांत लागवडीयोग्य जमिनीपैकी जेमतेम एक तृतीयांश कसणाऱ्याच्या ताब्यात उरली, हे पुढे खुद्द मुंबई सरकारच्याच अहवालाने कबूल केले. इब्न खल्दूनने साडेचारशे वर्षांपूर्वी लिहिलेले ते चित्र जसेच्या तसे पुण्याच्या पूर्वेला उभे राहिले.

१८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूर तालुक्यात नवी जमाबंदी आणली. सारा बराच खाली आणला. प्रत्येक शेताचा आकार वेगळा ठरवला आणि तो तीस वर्षे वाढणार नाही अशी हमी दिली. नको असलेले शेत सोडून देण्याची मुभाही ठेवली. पडीक जमीन पुन्हा नांगराखाली आली, पळालेले लोक परतले, सरकारचा वसूलही सुधारला. कर कमी केल्याने वाढ होते काय, या प्रश्नाला इंदापूरने ‘होय’ असे उत्तर दिले.

पण आम्ही इथे थांबलो तर आम्हीही रेगनसारखा अर्धाच दाखला देऊ.

सारा हलका झाला, जमिनीला किंमत आली, ती गहाण ठेवता येऊ लागली. मग सावकार उंबरठ्याशी आला. सरकारने जे सोडले ते रयतेच्या हाती किती राहिले? त्यातले बरेच व्याजात गेले. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात कापसाचे भाव चढले तेव्हा कर्ज सहज मिळाले. भाव कोसळल्यावर कर्ज तेवढे उरले. नेमक्या त्याच वेळी, तीस वर्षे भरल्यावर, १८६७ पासून फेरजमाबंदीत सारा पुन्हा भरमसाट वाढवला गेला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात रयत सावकारांवर चालून गेली. तिला हवे होते ते कर्जरोखे. हाती लागले ते तिने जाळले. १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ त्यापाठोपाठ आला. शेत पिकले होते, पण शेतकऱ्याजवळ दुष्काळात टिकण्याइतके काही साठले नव्हते. लागवड वाढली, समृद्धी आली नाही.

कर घेऊन त्याचे केले काय, हा प्रश्न महात्मा फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये विचारला. नुसता सारा कमी करा एवढीच त्यांची मागणी नव्हती. पलटणीच्या शिपायांकडून ताली-बंधारे बांधून घ्या, पाणी शेतात मुरवा, शेतकऱ्याची मुले शिकवा, असे ते सांगतात.

आणि हेच इब्न खल्दूनचे उरलेले अर्धे आहे. तो म्हणतो की राज्यसत्ता हीच सर्वांत मोठी बाजारपेठ आहे. पैसा रयतेकडून दरबाराकडे आणि दरबाराकडून रयतेकडे फिरत राहिला पाहिजे. राजाने तो अडवला, खर्चाचा हात आखडला, तर बाजार सुकतो आणि वसूलही घटतो. हे वाक्य रेगन यांच्या दाखल्यात नव्हते. त्यांनी वरचा आयकर शेकडा ७० वरून टप्प्याटप्प्याने २८ वर आणला. १९८२ नंतर अमेरिकेत वाढ झाली हे खरे. पण तिला उतरलेले व्याजदर आणि वाढता सरकारी खर्चही कारण होता. १९८९ मध्ये त्यांनी पद सोडले तेव्हा राष्ट्रीय कर्ज जवळपास तिप्पट झाले होते. कपातीतून कपातीचा खर्च भरून निघाला नाही. शेकडा ७० हा दर फक्त अगदी वरच्या उत्पन्नाला होता. प्रिंगलचे ५५ मात्र इंदापूरच्या उपाशी कुणब्याला होते. दोन्हींना एकच औषध कसे लागू पडावे?

हा प्रश्न आमच्या वाचकांच्या घरचा आहे. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा कामगार आयकर भरत नाही, म्हणून आयकरातली सूट त्याला मिळत नाही. तो साबणावर, चपलेवर, औषधावर कर भरतो. २०१९ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने कंपन्यांचा कर कमी केला, तेव्हा सरकारच्याच अंदाजाने वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचा महसूल सोडला गेला. एवढ्या पैशात किती दवाखाने आणि किती शाळा उभ्या राहिल्या असत्या, हा हिशेब त्या कामगाराने मागितला तर तो विकासविरोधी ठरत नाही.

कर कमी करावा की वाढवावा याचे एका शब्दात उत्तर इतिहास देत नाही. ज्याची पाठ ओझ्याने वाकली आहे त्याचे ओझे उतरवा, तो उभा राहील. इंदापूरने हे सिद्ध केले. पण उतरवलेले ओझे दुसऱ्या कुणाच्या खिशात जाते ते पाहा, हे सुप्याने शिकवले. पुढच्या अर्थसंकल्पाच्या दिवशी ‘करात सूट’ हे शब्द ऐकू येतील तेव्हा आपण एवढेच विचारू: सूट कुणाला, आणि त्यामुळे कुणाच्या गावचे पाणी थांबले?