नांगराची खबर



आपल्या गटांचा माल चांगला असतो, तरी प्रदर्शनात पडून राहतो. नाचणीचे पापड बघून ताई विचारतात, "हे काळपट का? जुने आहेत का?" आणि पुढच्या स्टॉलवर जातात. आपल्या मालात खोट नसते. गिऱ्हाइकाला त्याची माहिती नसते, आणि माहिती नसली की शंका येते. हीच अडचण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका नांगरालाही आली होती. त्याची गोष्ट आज सांगतो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर तरुणपणी मुंबईत चित्रकला शिकत होते. रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांनी ती सोडली आणि ते यंत्रांकडे वळले. १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान निघालं. पुढे कडबा कापायची यंत्रं बनवली आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन वरवर उकरायचा. लोखंडी नांगर खोल जायचा, हरळी आणि कुंद्याची मुळं उपटून काढायचा. तरी तो कुणी घेईना. लोखंडामुळे जमिनीत विष कालवलं जाईल, ती नापीक होईल, अशी शेतकऱ्यांना धास्ती होती. पहिले नांगर विकले जायला दोन वर्षं लागली असं सांगतात.

त्या शेतकऱ्यांना आपण अडाणी म्हणू नये. ज्याचं सगळं पोट जमिनीवर, तो नवी वस्तू तिच्यात घालताना दहादा विचार करणारच. त्याची भीती काढायची तर आधी ती ऐकायला हवी आणि मग समजावून सांगायला हवं.

१९१० मध्ये कारखाना औंध संस्थानात आला. औंधच्या राजांनी कुंडलजवळ माळरानाची जागा दिली. निवडुंगाच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे.

आता माल गावोगाव जाऊ लागला. पण प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दारात कोण जाणार? १९२० मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचं मासिक सुरू केलं. शंकरराव स्वतः चित्रकार होते. सुरुवातीला त्यात कारखान्याचीच खबरबात असायची. पण नुसतं 'आमचा माल घ्या' हे महिन्यामागून महिने कोण वाचणार? हळूहळू त्यात उद्योगधंद्यांची माहिती आली, लेख आले, कथा आणि चित्रं आली. ज्याला नांगर घ्यायचा नाही, तोही ते वाचू लागला. १९२९ मध्ये 'खबर' हा शब्द गळला आणि मासिकाचं नाव नुसतं 'किर्लोस्कर' झालं. कारखान्याची जाहिरात म्हणून निघालेलं पत्र मराठी घरातलं मासिक झालं.

असं करणारे हे एकटेच नव्हते. अमेरिकेत जॉन डिअर या नांगर बनवणाऱ्या कंपनीने १८९५ मध्येच शेतकऱ्यांसाठी 'द फरो' हे पत्र काढलं होतं. फरो म्हणजे नांगराचं तास. ते अजून निघतं.

आपल्यासाठी महत्त्वाचं पुढेच आहे. १९३० मध्ये किर्लोस्करवाडीतूनच 'स्त्री' मासिक निघालं. बायकांचं शिक्षण, संसार, जुन्या रूढी यांवर तिथे मोकळेपणी लिहिलं गेलं. पुढे विद्या बाळ यांनी 'स्त्री'चं संपादन केलं आणि १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं. नांगर खपावा म्हणून काढलेल्या पत्रातून बायकांना बोलायला जागा झाली, हे त्या वेळी कुणाच्या ध्यानीमनीही नसेल.

यातून आम्हाला तीन गोष्टी दिसतात. पहिली, गिऱ्हाइकाच्या मनात जी शंका आहे, तिचं उत्तर आधी द्यावं. नाचणीचा रंगच तसा, म्हणून पापड तसा दिसतो. रसायन न घातलेला गूळ काळसर असतो. हे आपण नाही सांगितलं, तर लोक पिवळाधमक गूळच उचलणार. दुसरी, विकत न घेणाऱ्यालाही उपयोग होईल असं काही द्यावं. पापड किती तापलेल्या तेलात सोडावा, पावसाळ्यात मसाल्याला जाळी कशी लागू द्यायची नाही, हे आपल्याला येतं, शहरातल्या पुष्कळांना येत नाही. तिसरी, सांगायचं ते खरं आणि नेमाने सांगावं. खबर महिन्याच्या महिन्याला जायची. एकदा पत्रक वाटून गप्प बसलं की लोक विसरतात. आणि एकदा खोटं सापडलं, तर पुढचं कुणी वाचत नाही.

त्यासाठी छापखाना लागत नाही. पाकिटात घालायची एक चिठ्ठी पुरते, मोबाईलवरचे चार ओळींचे निरोप पुरतात. गटात लिहिता येणारी एकजण असतेच, आणि जिला लिहिता येत नाही तिला सांगता येतं. येत्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की एवढं करूया. आपल्या मालाबद्दल गिऱ्हाइकं सगळ्यात जास्त वेळा काय विचारतात, ते प्रत्येकीने सांगायचं आणि वहीत उतरवून घ्यायचं. त्या प्रश्नांची उत्तरं म्हणजेच आपली पहिली खबर.