दोन नावांनिशी परदेशगमन

मैलापुरात आमचे बिऱ्हाड होऊन आता चौथे वर्ष चालू आहे. कपालीश्वराच्या देवळाभोवतालच्या माड रस्त्यांमागील एका बोळात आम्ही राहतो. येथे आल्यावर घरमालकांनी आमचे आडनाव विचारले नाही; 'इनिशियल कोणते?' एवढेच विचारले. तमिळ माणसास बहुधा आडनाव नसते. पित्याच्या नावाचे आद्याक्षर तो आपल्या नावाआधी लावतो. मुलगी लग्नानंतर पुष्कळदा ते अक्षर बदलून पतीचे घेते. १९२९ साली चेंगलपट्टू येथे भरलेल्या स्वाभिमान परिषदेत, पेरियार रामस्वामींच्या पुढाकाराने, नावामागची जातिवाचक उपपदे टाकून देण्याचा ठराव झाला, आणि इकडच्या नावांची लांबी आणखी घटली. आपल्याकडची नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव अशी तीन मजली इमारत पाहून घरमालकांस मोठे कौतुक वाटले. त्या इमारतीत एके दिवशी आम्हीच अडकून पडू, असे मात्र तेव्हा वाटले नव्हते.

घडले ते असे. आमच्या सौभाग्यवतींस परदेशातील एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. पदवीचे प्रमाणपत्र माहेरच्या नावाचे, पासपोर्ट सासरच्या नावाचा. आडनाव बदललेले आहेच. मधले नावही बदलले आहे. आणि आमच्या मातोश्रींच्या हौसेने लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने जे अक्षर उमटले ते पहिले नावही बदलून बसले आहे. ते नाव आम्हीच निवडले होते. विद्यापीठाकडून पत्र आले की, प्रमाणपत्रातील बाई व पासपोर्टातील बाई या एकच आहेत याचा पुरावा पाठवावा. तीन नावांपैकी एकही जुळत नसता दुसरे काय लिहिणार? आम्ही स्वतः केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकुनी करतो, आणि 'नावात तफावत आहे, खुलासा व्हावा' हा शेरा आजवर किती लोकांच्या अर्जांवर मारला असेल याची गणती नाही. तो शेरा प्रथमच आमच्या घरी परत आला. तेव्हा मनात प्रश्न उभा राहिला की, आपल्यातल्या पहिल्या स्त्रिया समुद्रापलीकडे गेल्या, तेव्हा त्या कोणत्या नावाने गेल्या?

पहिले नाव अर्थातच डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. परदेशी बदली झालेल्या मराठी नोकरदारांस तर ही कथा अधिकच जवळची वाटावी. कारण तिचा आरंभ एका टपालखात्यातील कारकुनाच्या बदल्यांतून झाला आहे. गोपाळराव जोशी टपालात नोकरीस होते. त्यांच्यामागे त्यांची बायकोही अलिबाग, कोल्हापूर, भूज अशी हिंडली आणि शेवटी बंगालमध्ये सेरामपुरास पोचली. १८६५ सालच्या मार्च महिन्यात जन्मलेली ही मुलगी कल्याणच्या गणपतराव जोश्यांची. तिचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी, तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या गोपाळरावांशी तिचे लग्न झाले आणि यमुनेची आनंदी झाली.

येथे एक मौज आहे, आणि चरित्रे वाचताना ती सहसा ध्यानात येत नाही. तिचे माहेरही जोश्यांचे आणि सासरही जोश्यांचेच. पाश्चात्त्य कागदांत जो 'माहेरच्या आडनावा'चा रकाना असतो, त्यात आनंदीबाईंनी खरे तेच लिहिले असते तरी तेथील अधिकाऱ्यास काहीच कळले नसते. त्याला वाटले असते की या बाईचे लग्नात काही बदललेच नाही. वस्तुतः बदलले नव्हते ते एवढेच, बाकी सारे बदलले होते. यमुना गणपतराव आणि आनंदी गोपाळराव या दोघींत समान असे एक आडनावच. इंग्रजी रीतीत लग्नाने आडनाव जाते आणि मुलीचे स्वतःचे नाव राहते. आपल्या रीतीत प्रसंगी याच्या उलटही होते. कागद त्या रीतीसाठी केलेले, माणसे या रीतीची. पुढची बहुतेक भांडणे येथूनच निघाली आहेत.

आनंदीबाईंना मात्र हा जाच झाला नाही, आणि त्याचे कारण साधे आहे. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या, तेव्हा हिंदुस्थानच्या प्रजाजनास परदेशी जाण्यासाठी पासपोर्टाची सक्तीच नव्हती. जवळ तिकीट, सोबतीस मिशनरी स्त्रिया, आणि पैलतीरी ओळखीचे एक माणूस, एवढ्यावर प्रवास होई. हे ओळखीचे माणूस म्हणजे न्यू जर्सीतील रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर. दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असता त्यांनी एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचे पत्र वाचले आणि सेरामपुरासारख्या दूरच्या ठिकाणी असलेल्या या अनोळखी मुलीशी पत्रव्यवहार सुरू केला. जूनमध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर त्यांनी तिला उतरवून घेतले. ती आनंदी आहे एवढे त्यांना पत्रांवरून ठाऊक होते. तोच पुरावा, आणि तो पुरला.

निघण्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, सेरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केले. हिंदुस्थानातच का शिकत नाही, या प्रश्नाच्या उत्तरात त्यांनी आमच्या या मद्रासचा उल्लेख केला आहे. मद्रासेस एक विद्यालय आहे, इतरत्र सुइणींचे वर्ग आहेत; परंतु ते शिक्षण अपुरे आणि शिकवणारे जुन्या मताचे, असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेपास दुसरी बाजूही आहे. मद्रास मेडिकल कॉलेजने १८७५ सालीच स्त्रियांस प्रवेश दिला होता. त्या पहिल्या चौघींतील मेरी शार्लिब यांनी पुढे लंडन विद्यापीठाची पदवी मिळवली आणि १८८५ साली मद्रासेत स्त्रियांसाठी स्वतंत्र रुग्णालय उभारले. तेच आज ट्रिप्लिकेनमधील कस्तुरबा गांधी रुग्णालय. आनंदीबाई कलकत्त्याऐवजी इकडच्या गाडीत बसल्या असत्या तर, असा विचार त्या रस्त्याने जाताना मनात येतो खरा. पण मग त्यांची कथा आज घरोघर कोणी सांगितली असती की नाही, याची शंका आहे.

फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली, ती 'आनंदीबाई जोशी' या नावाने. इंग्रजीत जोशीच्या शेवटी 'ई' हे अक्षर त्या दोनदा लिहीत. १८८८ साली कॅरोलिन डॉल या अमेरिकन बाईंनी त्यांचे चरित्र छापले. त्याच्या मुखपृष्ठावर त्या 'आनंदाबाई' झाल्या आहेत. आजच्या एखाद्या व्हिसा-अधिकाऱ्यापुढे हे सारे कागद एकत्र ठेवले तर तो त्यातून निदान तीन बाया काढून दाखवील.

त्याच महाविद्यालयात १८८५ साली काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाई आहेत, दमास्कसच्या सबात इस्लामबूली आहेत, आणि जपानच्या केइ ओकामी आहेत. या ओकामीबाई माहेरच्या निशिदा. १८८९ साली त्यांना पदवी मिळाली ती सासरच्या आडनावाने. म्हणजे त्या छायाचित्रात साडी नेसलेली आणि किमोनो घातलेली अशा दोघी बसल्या आहेत, त्या दोघीही जन्मनावाने तेथे नाहीत.

आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या होत्या. त्यांच्या नावांची कथा वेगळी. डोंगरे हे माहेरचे आडनाव. 'पंडिता' व 'सरस्वती' ही १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी दिलेली बिरुदे. १८८० साली बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह झाल्याने मेधावी. आणि १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा झाल्यावर मेरी हे आणखी एक. यांपैकी काहीच त्यांनी अगदी टाकले नाही, आणि कशाच्या आड त्या लपल्याही नाहीत. १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्यावर लेखिका म्हणून पंडिता रमाबाई सरस्वती असे नाव आहे. पित्याचे नाही, पतीचे नाही. जे विद्वत्तेने मिळवले तेच. ते पुस्तक अर्पण केले आहे स्वतःच्या आईच्या स्मृतीस.

तिसऱ्या रखमाबाई. आमच्या मते नावाच्या बाबतीत सर्वांत करारी त्याच. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. त्या सासरी नांदावयास गेल्या नाहीत. दादाजींनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी, नांदावयास जा अथवा सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम केला. १८८८ साली तडजोड झाली, आणि १८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडास गेल्या. १८९४ साली डॉक्टर होऊन त्या परतल्या. कायद्याच्या अहवालांत हा खटला 'दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई' या नावाने छापला आहे. दाव्याचा विषयच मुळी या बाईने पत्नी म्हणून अमक्याकडे नांदावयास जावे की नाही हा. आणि कागदावर त्यांचे नाव मात्र एकटे, पुढे-मागे कोणी नाही. सुरतेस व राजकोटास डॉक्टरकी करतानाही त्या रखमाबाईच राहिल्या. एकनावी तमिळ प्रवाशाच्या पासपोर्टात एक रकाना रिकामा राहिला की अमेरिकेच्या व्हिशावर 'पहिले नाव अज्ञात' अशा अर्थाची तीन अक्षरे छापून येतात. आज रखमाबाईंच्या वाट्यास तीच आली असती.

कागदाचा जाच सुरू झाला तो पहिल्या महायुद्धानंतर. हिंदुस्थानात १९२० साली पासपोर्टाचा कायदा झाला. त्याच वर्षी पॅरिसच्या परिषदेत राष्ट्रसंघाने पासपोर्टाचा एक नमुना ठरवला. नवऱ्याच्या पासपोर्टातच बायकोचा समावेश करण्याची रीत त्या काळी अनेक देशांत होती. अमेरिकेत १९२१ साली रूथ हेल या पत्रकार बाईंनी स्वतःच्याच नावाचा पासपोर्ट मागितला. सरकारने दिला तो 'रूथ हेल, उर्फ मिसेस हेवूड ब्राउन' अशा थाटाचा. बाईंनी तो नाकारला आणि फ्रान्सचा प्रवास रद्द केला. तेथे विवाहित स्त्रीस तिच्या स्वतःच्या नावाचा पासपोर्ट प्रथम मिळाला तो १९२५ साली, डोरिस फ्लाइशमन यांना. आपल्याकडे १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग ठरवला, आणि २४ जून १९६७ पासून आजचा पासपोर्ट कायदा अमलात आला. लग्नानंतर स्त्रीने पासपोर्टातील नाव बदलण्याची गरज नाही, हे पंतप्रधानांनी १३ एप्रिल २०१७ रोजी एका भाषणात सांगितले.

म्हणजे सक्ती कोणाची नव्हती. आमच्या घरचा पासपोर्ट २०१७ नंतरचा आहे. त्यातील नाव बदलावयास कोणत्याही कचेरीने सांगितले नव्हते; आम्ही सांगितले होते. 'सर्व कागद एका नावाचे असावेत' हे आमचे कारकुनी तत्त्व, आणि ते एक नाव कोणते, हे आम्ही गृहीतच धरले. पदवीचे प्रमाणपत्र बदलून मिळत नाही, हे त्या दिवशी आम्हांस सुचले नाही.

गेल्या शनिवारी कचेरी रस्त्यावरच्या एका नोटरीकडे आम्ही दोघे गेलो. प्रतिज्ञापत्र तयार होते. त्यांनी दोन्ही नावांच्या सह्या मागितल्या. माहेरच्या नावाची सही सौभाग्यवतींनी आठ वर्षांत केली नव्हती. लेखणी टेकली आणि ती एका झोक्यात उमटली. सासरच्या नावाची त्यांनी नेहमीसारखी, अक्षर अक्षर जुळवून केली. परतताना लूझच्या कोपऱ्यावर त्यांनी विचारले, "अहो, तिकडची पदवी कोणत्या नावाने मागू?" विद्यापीठाच्या अर्जात त्यासाठी एक वेगळा रकाना आहे, हे आमच्या ध्यानात नव्हते. "तुला वाटेल त्या," असे आम्ही म्हटले. त्या हसल्या, काही बोलल्या नाहीत. अर्ज टेबलावर आहे, तो रकाना अजून कोरा आहे, आणि मुदत महिनाअखेरपर्यंतची आहे.