मुलांची हलती चित्रे : पडद्यामागची हकीकत



उन्हाळ कांद्याच्या ऐन हंगामात, दिवसभर लिलावाचा गलबला ऐकून कान किटलेले असताना, तुम्ही संध्याकाळी व्याख्यानास आलात आणि तेही मुलांच्या कार्टूनवरील व्याख्यानास, याचे मला प्रथम कौतुक वाटते. विषय जाहीर झाला तेव्हा एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला विचारले, ‘‘अहो, वसंत व्याख्यानमालेत इतिहास सांगायचा तो पेशव्यांचा, शिवाजी महाराजांचा. कार्टूनला कसला आला आहे इतिहास?’’ या प्रश्नाचे उत्तर देण्याचा आज माझा प्रयत्न आहे. कार्टूनला इतिहास आहे, आणि त्याचा आरंभ आपल्याच नाशिक जिल्ह्यातील एका माणसाच्या हातून झालेला आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांपुढे आला, हे शाळेतील मुलासही ठाऊक असते. परंतु त्याच्या आदल्या वर्षी फाळक्यांनी जे एक इवलेसे चित्र तयार केले, त्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. १९१२ च्या फेब्रुवारीत ते विलायतेस गेले, तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या कारखान्यात चित्रपटाची कृती पाहून आले आणि एप्रिलमध्ये परतले. आता भांडवल हवे. सावकार काही नुसत्या बोलण्यावर पैसा देत नाही. त्याला माल दिसावा लागतो, हे या बाजारपेठेतील मंडळींना मी सांगावयास नको. मग फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कुंडीसमोर कॅमेरा रोवला आणि रोप वाढत असता ठराविक अंतराने त्याची एकेक छबी घेतली. महिन्याभराची वाढ पडद्यावर मिनिटाभरात दिसू लागली. ‘अंकुराची वाढ’ हे ते चित्र. ते पाहून भांडवलवाल्याचा विश्वास बसला.

फाळके रोज एकच छबी घेत, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. आपण थोडा हिशेब करून पाहू. मुक्या चित्रपटाच्या त्या काळी सेकंदास साधारण सोळा छब्या पडद्यावरून सरकत. रोज एक याप्रमाणे महिन्यात तीस छब्या होतात, आणि त्या दोन सेकंदांत संपतात! मिनिटभराच्या चित्रास ९६० छब्या लागतात. म्हणजे दिवसाकाठी बत्तीस. दिवसाचा उजेड बारा तास धरला, तर दर बावीस-तेवीस मिनिटांनी उठून कॅमेऱ्याचा दांडा एकदा फिरवायचा, पुन्हा बसायचे, पुन्हा उठायचे. आणि असे महिनाभर करावयाचे. एक-रोज-एक ही गोष्ट ऐकावयास गोड आहे, परंतु हिशेबातून निघणारी गोष्ट तिच्याहून मोठी आहे. एक चित्र, मग किंचित बदल, मग दुसरे चित्र, हेच कार्टूनचे मूळ सूत्र होय. आजही त्यात फरक पडलेला नाही.

या कामात एक दुसरा माणूस होता आणि त्याचे नाव श्रेयनामावलीत नव्हते. ते म्हणजे सरस्वतीबाई फाळके. त्या वेळी कच्ची फिल्म कडेला भोके न पाडलेली येई. ती भोके अंधारात, हाताने, नेमक्या अंतरावर पाडावी लागत. एक चुकले तरी चित्र पडद्यावर थरथरे. हे काम सरस्वतीबाई करीत. फिल्म धुण्याच्या रसायनांचे मिश्रण त्या करीत, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडीत, आणि हे सारे उरकून कंपनीतील साठसत्तर माणसांचा स्वयंपाकही पाहत. भांडवलासाठी दागिने गेले तेही त्यांचेच. हिंदी चित्रपटाचे जनक कोण, हे आपण सांगतो. जननीचे नाव विचारले तर सभा गप्प बसते.

पुढे फाळके नाशिकला आले. १९१४ साली महायुद्ध पेटले, भांडवलवाल्यांनी हात आखडले आणि मोठे चित्रपट अडले. अशा अडचणीच्या काळात, १९१५ साली, त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा चित्रपट केला. काड्या आपोआप हलतात, आकृती धरतात, असा तो खेळ. एकेक काडी बोटाने किंचित सरकवायची, बाजूला व्हायचे, एक छबी घ्यायची आणि पुन्हा सरकवायची, अशी ही रीत. पगार देण्यास पैसे नाहीत, नट नाहीत, तर आगपेटीतील काड्याच नट झाल्या! भारतातील सचेतन चित्रपटाचा आरंभ बहुतेक अभ्यासक याच चित्रापासून धरतात. दुर्दैवाने त्याची प्रत हाती राहिलेली नाही. ‘चित्रपट कसे तयार करतात’ या १९१७ च्या चित्राचा काही भाग मात्र शिल्लक आहे. त्यात फाळके नटांना शिकवताना, फिल्म पारखताना दिसतात. पडद्यामागे काय चालते ते लोकांना दाखवावे, लपवू नये, ही बुद्धी त्या माणसाला शंभर वर्षांपूर्वी झाली होती. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच, बहुतांशी विस्मृत अवस्थेत, त्यांचे देहावसान झाले.

फाळक्यांनंतर हा धागा तुटक तुटक चालू राहिला. १९३४ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने गुणमय बॅनर्जी यांचे ‘द पी ब्रदर्स’ हे चित्र काढले. योगायोग पाहा, तेथेही वाटाणेच! त्याच सुमारास पुण्यास प्रभात फिल्म कंपनीने ‘जंबुकाका’ हे व्यंगचित्रपट काढले. ते रघुनाथ केळकर यांच्या हातचे. परंतु हे सर्व हौसेचे प्रयोग होते. पाच-दहा मिनिटांच्या चित्रास माणसे महिनोन्‌महिने राबत आणि तिकीट मात्र मोठ्या चित्रपटाचे विकले जाई. ज्या मालाला वेगळा भाव मिळत नाही, तो माल शेतकरी फार दिवस पिकवीत नाही.

ही कोंडी फुटली ती सरकारी आश्रयाने. १९४८ मध्ये मुंबईस फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाली आणि १९५६ मध्ये तिच्यात कार्टून विभाग निघाला. शिकवण्यासाठी अमेरिकेहून क्लेअर वीक्स आले. ते वॉल्ट डिस्ने यांच्या कारखान्यात काम केलेले चित्रकार; मिशनरी आईबापांच्या पोटी हिंदुस्थानातच जन्मलेले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मुलांनी १९५७ मध्ये ‘द बनियन डिअर’ ही जातककथा केली. तिची रेषा त्यांनी डिस्नेकडून न घेता अजिंठ्याच्या भिंतींवरून घेतली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. तंत्र परदेशचे, रेषा घरची. या विभागातील मराठी नावांत गो. कृ. गोखले हे ठळक नाव, आणि मद्रासहून रसायनशास्त्राची पदवी घेऊन आलेले राम मोहन हे पुढे या कलेचे भारतातील भीष्माचार्य ठरले.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. पुष्कळांची समजूत अशी की आधी चित्र काढतात आणि मग त्यावर आवाज चढवतात. वस्तुतः बहुधा उलट असते. प्रथम गोष्ट लहान लहान चौकटींत काढून भिंतीवर टाचतात. मग संवाद व गाणे ध्वनिमुद्रित करतात. कोणते अक्षर कितव्या छबीवर येते ते एका तक्त्यावर मांडतात. आपल्या आडत्याच्या खतावणीसारखाच तो तक्ता, फक्त रुपयांच्या जागी सेकंदांचे तुकडे. मुख्य चित्रकार हालचालीतील ठळक अवस्था काढतो: हात खाली, हात वर. त्या दोहोंमधील चित्रे शिकाऊ मंडळी भरतात. मग पारदर्शक सेल्युलॉइडच्या पानावर शाईने रेषा गिरवावयाच्या, पालथे करून पाठीमागून रंग भरावयाचा, आणि खाली देखावा, वर झाड, त्यावर पात्र अशी पाने कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे एकावर एक ठेवून वरून छबी घ्यावयाची. बोलपटात सेकंदास चोवीस छब्या जातात. एकेक चित्र दोनदा टिपले तरी सेकंदास बारा चित्रे लागतातच.

याचे आपणा सर्वांस परिचित उदाहरण म्हणजे १९७४ चे ‘एक अनेक और एकता’. पूर्वी दूरदर्शनवर ते इतक्या वेळा लागे की आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांस त्यातील चिमण्या डोळ्यांसमोर दिसतील. बागेत मुले ताईला विचारतात, अनेक म्हणजे काय. आणि ताई जाळ्यासकट उडालेल्या पाखरांची जुनी गोष्ट सांगते. चित्र जेमतेम सात मिनिटांचे. सात मिनिटांचे ४२० सेकंद, त्यांच्या छब्या १०,०८०. एक चित्र दोनदा टिपले असे धरले तर ५,०४० रेखाटने. एका माणसाने रोज वीस पाने गिरवून रंगवली असे समजा. त्यास २५२ दिवस लागतील, आणि तेही पडद्यावर एका वेळी एकच पात्र असेल तर! तेथे तर थवाच्या थवा आहे.

हे चित्र हिंदीत असले तरी त्याच्या पाठीशी मराठी माणसे किती होती पाहा. कल्पना व दिग्दर्शन विजया मुळे यांचे. त्या १९२१ साली मुंबईत जन्मल्या आणि २०१९ मध्ये वारल्या. संगीत ‘प्रभात’च्या परंपरेतील वसंत देसाई यांचे. त्यातील कोवळा आवाज साधना घाणेकर या लहान मुलीचा. तीच पुढे साधना सरगम म्हणून प्रसिद्ध झाली. चित्रांची रचना भीमसेन यांची. या चित्रास शैक्षणिक चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. परंतु पाने गिरवणाऱ्या, रंग भरणाऱ्या मंडळींची नावे आपणांपैकी कोणास सांगता येतील? मलाही येत नाहीत. सरस्वतीबाईंची परंपरा या बाबतीत अखंड चालू आहे.

यानंतर काळ बदलला तो दूरचित्रवाणीमुळे. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि तेथे मुलांसाठी ‘किलबिल’ निघाले. पण चित्रपटगृहास वर्षातून एखादे चित्र पुरे होते. दूरचित्रवाणीस ते दर आठवड्यास हवे. इतकी चित्रे काढणार कोण? या अडचणीतून अमेरिकेत १९५७ नंतर हॅना आणि बार्बेरा या जोडीने काटकसरीची रीत पक्की केली. त्यांच्या योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय आहे, तो शोभेसाठी म्हणून नव्हे. कॉलरपाशी डोके धडापासून वेगळे करता येते. धड एकदाच काढायचे, आणि बोलताना फक्त डोके बदलायचे. जपानात ओसामु तेझुका यांनी १९६३ साली ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ दर आठवड्यास दाखवण्यासाठी एक चित्र तीन-तीन छब्यांवर चालवले. शिंप्याने एका कापडातून चार अंगरखे बेतावेत, तशी ही युक्ती.

स्वस्ताईच्या या मार्गाने परदेशचा माल आपल्या घरी येऊन पोचला. १९९३ साली दूरदर्शनवर दर रविवारी ‘जंगल बुक’ लागे आणि रस्ते ओस पडत. त्यातील अरण्य कोठले? मूळ गोष्टीतील शिवनीचे, म्हणजे आपल्या नागपूरच्या पलीकडचे. चित्रे मात्र जपानात काढलेली. शेरखानाचा हिंदी आवाज आपल्या नाना पाटेकरांचा! रामायणावरचा मोठा सचेतन चित्रपटही त्याच सुमारास जपानच्या युगो साको यांच्या पुढाकाराने झाला. आपल्या बाजूने राम मोहन त्यात होते. पंचवटी आपल्यापासून चाळीस मैलांच्या आत, आणि रामाचे चित्र काढण्यास टोकियोने हात लावावा लागला. यात जपान्यांस दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी आपली गोष्ट आदराने सांगितली. विचार आपण करावयाचा आहे.

आज परिस्थिती पालटली आहे. सेल्युलॉइडची पाने गेली, संगणक आला; मुंबई, पुणे, हैदराबाद येथे शेकडो तरुण हे काम करतात. २००८ पासून ‘छोटा भीम’ आणि २०१२ पासून ‘मोटू पतलू’ यांसारखी देशी पात्रे मुलांच्या तोंडी बसली. परंतु आपल्या घरातील चार वर्षांचे मूल पडद्यासमोर बसून बहुधा हिंदी ऐकते, आणि जेवताना आईला हिंदीत पाणी मागते. त्यात हिंदीचा द्वेष करण्यासारखे काही नाही. पण ज्या मुलाने आपल्या गावचा बैलबाजार, आपल्या आजीचे बोलणे, आपल्या गोदाकाठची झाडे हलत्या चित्रात कधी पाहिलीच नाहीत, त्याला ती चित्रात येण्याच्या लायकीची आहेत असे वाटावे तरी कसे?

आगकाड्यांच्या चित्रास स्टुडिओ लागला नव्हता. एक पेटी, एक कॅमेरा आणि चिकाटी लागली होती. आज कॅमेरा प्रत्येक घरात, खिशातील फोनमध्ये आहे. माझी येथील शिक्षकबंधूंना एक विनंती आहे. सुट्टीत चार मुलांना जमवा, कुंडीत वाटाणा पेरा, आणि दर वीस मिनिटांनी एक छबी घेण्यास सांगा. महिन्यानंतर ते मिनिटभराचे चित्र याच व्याख्यानमालेत दाखवा, आणि ज्या मुलांनी उन्हात उभे राहून बटण दाबले, त्या प्रत्येकाचे नाव शेवटी पडद्यावर लिहा. एकाचेही वगळू नका.