कॅस्टिल : एका ऋणाची कथा

स्पेनमधील कॅस्टिल या सरंजामी प्रांताच्या उगमाची सर्वांत लोकप्रिय हकीकत एका काव्यात सापडते. तेराव्या शतकाच्या मध्यास रचलेल्या ‘फेर्नान गोन्सालेसचे काव्य’ या रचनेत काउंट फेर्नान आपला घोडा व शिकारी ससाणा लेओनच्या राजाला विकतो. ठरल्या दिवशी पैसे न मिळाल्यास किंमत दररोज दुप्पट व्हावी, असा करार होतो. राजा पैसे देत नाही. काही वर्षांनी हिशेब मांडला जातो, तेव्हा ते ऋण फेडण्यापलीकडे गेलेले असते. अखेर त्या बदल्यात राजा कॅस्टिलला मुक्त करतो.

कागदपत्रांतून दिसणारा उगम याहून संथ आहे. तारांको येथील मठाच्या इ. स. ८०० मधील दानपत्रात, जे आज उत्तरकालीन नकलेतच उपलब्ध आहे, कॅस्टिलचे नाव प्रथम आढळते. त्यात रणसंग्राम नाही. ओसाड जमीन ताब्यात घेऊन चर्च उभारणारे मठवासी आहेत. कॅस्टिल म्हणजे गढ्यांचा प्रदेश. अरबी इतिहासकार त्याला ‘अल्-किला’ म्हणत. आपला ‘किल्ला’ हा शब्दही त्याच अरबी कुळातला. अस्तुरियासच्या राज्याच्या या पूर्व सीमेवर ८८४ मध्ये काउंट दिएगो रोद्रिगेस याने बुर्गोस वसविले. ९३२ च्या सुमारास फेर्नानने विखुरलेले परगणे एका हाती आणले. ९४४ मध्ये राजा दुसरा रामिरो याने त्याला कैदेत टाकले, पण फार काळ ठेवता आले नाही. ९७० मध्ये फेर्नान वारला आणि काउंटपद त्याचा पुत्र गार्सिया याच्याकडे वारशाने गेले. राजाने नेमावयाचे पद घराण्याची मिळकत झाले; लेओनचे स्वामित्व नावापुरते उरले.

मग काव्यातील कथा केवळ कल्पित मानून बाजूला सारावी काय? ते रचणारा भिक्षू आर्लान्साच्या मठातील होता, आणि फेर्नानचे दफन त्याच मठात झालेले होते. आपल्या आश्रयदात्याचा गौरव करण्यात मठाचे हित होते, हे उघड आहे. तरीही तीन शतकांनंतर लिहिणाऱ्या या कवीने एक मर्म अचूक हेरले. कॅस्टिलचे स्वातंत्र्य कोणी एका दिवसात जिंकले नाही, कोणी बहालही केले नाही. धन्याने वेळेवर न बजावलेल्या हक्काचे ओझे दिवसागणिक वाढत गेले, आणि एके दिवशी ते फेडणे त्याच्या हाती राहिले नाही. घोडा व ससाणा इतिहासात नसतील. तो हिशेब मात्र इतिहासाचाच आहे.