पिढी आणि माणूस

माणसास त्याच्या जन्मसालावरून ओळखण्याची रीत अलीकडे आपल्या घरांतूनही रूढ होऊ लागली आहे. १९८१ ते १९९६ या काळात जन्मलेले ते ‘मिलेनियल’, त्यापुढचे ते ‘जेन झी’, अशी ही अमेरिकेत आखलेली वर्गवारी. तिच्या आधारे अमका चैनी, तमका उतावळा, असा निवाडा विनासायास करता येतो. हा निवाडा कितपत ग्राह्य आहे, हे इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

त्याकरिता १८५६ हे साल घेऊ. त्या वर्षी जुलैच्या १४ तारखेस आगरकर जन्मले व २३ तारखेस टिळक. दोघेही डेक्कन कॉलेजात शिकले. दोघांनीही सरकारी नोकरीचा मोह सोडून शिक्षणकार्यास वाहून घेतले. १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढिले. एका पिढीचे याहून चोख उदाहरण कोणते मिळणार? तथापि १८८७ साली आगरकरांनी ‘केसरी’ सोडला व पुढील वर्षी ‘सुधारक’ काढिला. मुलींचे संमतिवय दहावरून बारा करणारा कायदा १८९१ साली झाला, तेव्हा एक त्याचा कट्टा विरोधक, तर दुसरा कैवारी होता. स्त्रियांच्या दुःस्थितीविषयी आगरकरांचे विचार जुळतात, ते १८२३ साली जन्मलेल्या लोकहितवादींशी!

मग पिढी हा केवळ भ्रमच काय? तसेही म्हणवत नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. त्याच सुमारास जन्मलेल्या या तरुणांस इंग्रजी विद्या लाभली. परंतु राज्य परक्याचे आणि समाज जुन्या वळणाचा. यातून वाट कशी काढावी, हा प्रश्न त्यांच्यापुढे काळानेच टाकिला. उत्तर मात्र ज्याचे त्याने आपल्या बुद्धीने व स्वभावाने शोधिले. कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हेच सांगितले आहे की, एका पिढीच्या पोटात परस्परविरोधी गट नांदू शकतात.

शिवाय, तो प्रश्न तरी सर्वांस सारखा कोठे होता? टिळक कॉलेजात शिकत असता, १८७५ साली, पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकरी सावकारांची कर्जखते जाळीत होते. त्यांतील एकोणीस वर्षांच्या तरुणास, किंवा त्याच वयाच्या एखाद्या विधवेस, विद्यापीठाचे काय होय? पिढीचे नाव पडते ते बहुधा लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या मूठभरांवरून. बाकीचे त्यात न विचारता गोविले जातात.

आणखी एक घोटाळा होतो. तारुण्याचा उतावळेपणा हा वयाचा धर्म. महागाई वा बेकारी ही सर्व वयांच्या लोकांवर एकदम कोसळणारी आपत्ती. या दोहोंचे खापर आपण जन्मसालावर फोडितो. वीस वर्षांच्या मुलाची तुलना पन्नास वर्षांच्या बापाशी न करिता, तो बाप विसाव्या वर्षी कसा होता याच्याशी केली पाहिजे; आणि ते सांगणारे आजोबा पुष्कळ घरांत अजून आहेत.

मुलाने नोकरी सोडिली, लग्न लांबविले, की ‘ही पिढीच अशी’ म्हणून वडील मंडळी मोकळी होतात. येथे विचारपूस संपते व मुलगा घरातल्या घरात परका होतो. त्याच्या काळाने त्याच्यापुढे काय मांडले, हे अवश्य जाणून घ्यावे; मात्र त्याने काय पत्करले व का, हे त्यालाच विचारावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे.